सुतळीची गाठ : ईस्टरच्या घरगुती सजावटीमागचा इतिहास

युरोप-अमेरिकेतल्या अनेक घरांत ईस्टरच्या आधीचे दोन-तीन आठवडे सजावटीच्या तयारीत जातात. या सजावटीचा एक प्रकार अलीकडच्या दशकांत फार आवडता झाला आहे. आतून रिकाम्या केलेल्या अंड्याला तपकिरी सुतळी गुंडाळायची, सुतळीचीच वेटोळी बसवून पाखराचे घरटे करायचे, वाळक्या डहाळ्यांचे कडे वळून ते सुतळीच्या फासाने दारावर टांगायचे. चकाकी नाही, भडक रंग नाहीत, प्लास्टिक नाही. या शैलीला तिकडे ‘रस्टिक’ म्हणतात. आपला ‘गावरान’ हा शब्द तिच्या जवळ जातो. पाहणाऱ्याला वाटते, पणजीच्या काळात शेतावरच्या घरात ईस्टर असाच होत असणार.

हा समज अर्धाच खरा आहे. अंडे, डहाळी, कांद्याची साल, पाणथळीतले गवत या वस्तू खरोखरच जुन्या शेतकरी घरातल्या आहेत. सुतळी मात्र तिथली नाही. तागाची ही तपकिरी सुतळी युरोपच्या खेड्यात पोचली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तीही बंगालच्या डबक्यांतून आणि स्कॉटलंडच्या गिरण्यांतून. ज्या एका वस्तूमुळे ही सजावट गावरान दिसते, तीच त्यातली सर्वांत दूरची आणि सर्वांत यांत्रिक वस्तू आहे. हे कसे घडले, ते पाहू लागले की साधेपणा या कल्पनेचाच इतिहास हाती येतो.

उपासानंतर उरलेले

ख्रिस्ती परंपरेत राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ उपवासाचा. मधले रविवार वगळले तर तो चाळीस दिवसांचा होतो. मध्ययुगीन युरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा नियम आजही आहे. माणसांनी अंडी सोडली तरी कोंबड्यांना त्याचे काय! थंडीच्या लहान दिवसांत कोंबडी अंडी देणे कमी करते, कधी थांबवते. दिवस मोठा होऊ लागला की पुन्हा अंड्यावर येते. उत्तर युरोपात नेमका हाच उपवासाचा काळ असतो. त्यामुळे खायला मनाई आणि टोपलीत अंड्यांचा ढीग, अशी स्थिती दरवर्षी येई. काही अंडी उबवायला जात, बाकीची उकडून ठेवली जात. उपवास सुटण्याच्या दिवशी ती रंगवून वाटण्याची रीत या शिलकीतून बळावली. अंड्याच्या कवचातून पिल्लू बाहेर येणे आणि थडग्यातून येशू उठणे हे साम्य धर्माने सांगितले; अंडी पुरवली ती गृहिणीच्या टोपलीने.

राजवाड्यांतही ही रीत होती. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या घरखर्चात 450 अंड्यांसाठी 18 पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. ही अंडी रंगवून किंवा सोन्याच्या वर्खाने मढवून ईस्टरला वाटायची होती. शेतकऱ्याकडे वर्ख नव्हता, कांद्याची साल होती. हिवाळाभर साठवणीचे कांदे वापरून संपत आले की कोरड्या सालींचा ढीग उरे. त्या सालींत अंडे उकळले की पिवळ्या-नारिंगीपासून गर्द विटकरीपर्यंत रंग चढतो. पोलंडमध्ये हिरव्या रंगासाठी रायचे कोवळे कोंब आणि काळ्यासाठी आल्डर झाडाची बोंडे वापरत. चुलीशेजारी आणि कुंपणापाशी जे होते त्यातूनच रंग निघत.

दोरा या कामात शिरतो तो इथे. उत्तर इंग्लंडमध्ये ईस्टरच्या अंड्यांना ‘पेस एग’ म्हणतात. पेस हा ‘पास्का’ या जुन्या शब्दाचा अपभ्रंश. ओल्या अंड्यावर एखादे नाजूक पान किंवा रानफूल चिकटवायचे, त्यावर कांद्याच्या साली लपेटायच्या, वरून चिंधी घालायची आणि सगळे दोऱ्याने गच्च आवळून उकळायचे. पान जिथे होते तिथे त्याचा फिका ठसा उमटतो. दोरा जिथे घट्ट बसला तिथे रंग पोचत नाही, पांढरी रेघ राहते. लाटव्हियातही अंडी अशीच रंगवतात. गुजरातच्या बांधणीत कापडाला गाठ मारून रंग अडवतात, तेच हे तत्त्व. दोरा इथे शोभेसाठी नव्हता. काम झाले की तो सोडून पुन्हा गुंडाळून ठेवला जाई. अंड्यावर त्याची फक्त खूण उरे.

युक्रेनची ‘पिसांका’ ही याच कुळातली, पण फार कसबी कला. तिच्या नावाचे मूळ ‘लिहिणे’ या क्रियापदात आहे. वितळलेल्या मेणाने कवचावर रेघा ओढायच्या आणि एकामागून एक रंगांत बुडवायचे. 2024 साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पण प्रत्येक घरात पिसांका लिहिणारा हात नसे. बहुतेक घरांचा ईस्टर कांद्याच्या सालीवरच होई.

आजच्या सुतळी गुंडाळलेल्या अंड्याचा खरा पूर्वज आणखी वेगळा आहे. पोलंडच्या काही भागांत, तसेच अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांत, लव्हाळ्याच्या गराने मढवलेली अंडी करीत. पाणथळीतल्या लव्हाळ्याची हिरवी साल सोलली की आतला पांढरा, मऊ, दोरीसारखा गर सलग निघतो. रिकाम्या अंड्याला खळ लावून हा गर वेटोळ्यांत चिकटवायचा, मधूनमधून रंगीत कापडाचे किंवा लोकरीचे तुकडे बसवायचे. मोरावियातल्या हाना प्रदेशात गव्हा-जवाचा पेंढा चिरून, सपाट करून त्याच्या नक्ष्या अंड्यावर चिकटवतात. या सगळ्यांत ‘दोरी’ म्हणून जे दिसते ते गवत आहे. विकत घेतलेली दोरी अशी वाया घालवणे त्या घरांना परवडण्यासारखे नव्हते.

पानाऐवजी फांदी

सजावटीचा दुसरा भाग डहाळ्यांचा. ईस्टरच्या आधीचा रविवार येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाचा. लोकांनी खजुरीच्या झावळ्या घेऊन त्याचे स्वागत केले, म्हणून मराठी ख्रिस्ती बांधव त्याला ‘झावळ्यांचा रविवार’ म्हणतात. वसईत किंवा गोव्यात त्या दिवशी झावळ्या मिळायला अडचण नाही. तिथल्या चर्चमध्ये आशीर्वादित झावळ्या मिळतात, त्यांचे लहान क्रूस विणून घरात जपले जातात. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून पुढच्या राखेच्या बुधवारची राख करण्याची चर्चची प्रथा आहे.

उत्तर युरोपात खजूर उगवत नाही. तिथे वसंताच्या आधी सर्वप्रथम फुटते ती विलोची फांदी, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाची. तिच्यावर मांजराच्या लवेसारखे मऊ राखाडी कळे येतात. नाव मात्र ‘पाम’च राहिले. इंग्लंडच्या खेड्यांत विलोलाच पाम म्हणत, पोलिश भाषेत ‘पाल्मा’ म्हणजे विलोच्या डहाळ्यांचा, सुकवलेल्या फुलांचा जुडगा. दक्षिण पोलंडमधल्या लिप्निका मुरोवाना या गावी 1958 पासून उंच पाल्मांची स्पर्धा भरते. काही पाल्मा 30 मीटरांच्याही वर जातात, आणि त्या बांधायच्या विलोच्याच लवचीक काड्यांनी. खिळा किंवा तार वापरायची नाही. बांधणारी वस्तू आणि बांधली जाणारी वस्तू एकाच झाडाची.

लिथुआनियात विल्निउसच्या आसपासच्या खेड्यांतल्या बायका काठीभोवती सुकलेली रानफुले आणि गवत दोऱ्याने फेर घेत बांधून ‘वेर्बा’ करतात आणि मार्चच्या सुरुवातीला सेंट कॅसिमिरच्या जत्रेत विकतात. घरगुती कलेचा बाजार ही काही आजचीच गोष्ट नाही. शहरातली गिऱ्हाइके खेड्याची वस्तू हौसेने घेत, आणि त्या पैशावर खेड्यातल्या घरांना हातभार लागे.

स्वीडनमध्ये ईस्टरला बर्चच्या डहाळ्या घरात आणून त्यांना रंगीत पिसे बांधतात. ही शोभा आज गमतीची दिसते. तिचे मूळ मात्र कठोर आहे. सतराव्या शतकात उत्तम शुक्रवारी येशूच्या यातनांची आठवण म्हणून लोक एकमेकांना डहाळ्यांचे फटके मारीत. एकोणिसाव्या शतकाकडे येता येता फटके गेले, डहाळ्या उरल्या, त्यांना पिसे आली. चेक मुलखात ईस्टरच्या सोमवारी विलोच्या काड्यांची वेणी घालून केलेला ‘पोमलाझ्का’ नावाचा चाबूक अजूनही मुलगे मिरवतात आणि बदल्यात रंगीत अंडी मिळवतात.

जर्मनीत डहाळी आणि अंडे एकत्र आले. फांद्या पाण्यात ठेवायच्या, कोंब फुटू द्यायचे आणि त्यांवर रिकामी अंडी टांगायची. टांगण्याची युक्ती साधी आहे. अंड्याला दोन टोकांना भोके पाडून आतला ऐवज फुंकून वाटीत काढायचा. तो स्वयंपाकात जातो. काडीपेटीतल्या अर्ध्या काडीच्या मध्यावर दोरा बांधायचा, काडी उभी करून भोकातून आत सोडायची आणि दोरा हलकेच ओढायचा. काडी आत आडवी होते, अंडे लटकते. थुरिंजियातल्या सालफेल्ड गावी फोल्कर क्राफ्ट यांनी 1965 साली अंगणातल्या सफरचंदाच्या झाडावर 18 अंडी लावून सुरुवात केली. वर्षावर्षाने भर पडत 2012 पर्यंत त्या एका झाडावर 10,000 अंडी झाली. घरात स्वयंपाकाला लागणारी अंडी फोडायची नाहीत, फुंकायची, एवढ्या शिस्तीवर हा पसारा उभा राहिला.

दोरा घरचा होता तेव्हा

जुन्या घरांतला दोरा येई कुठून? बहुतेक वेळा जवसापासून. युरोपात जवस तेलाइतकाच धाग्यासाठी पेरत. रोप मुळासकट उपटायचे, दाणे झाडायचे, देठ पाण्यात किंवा दवात कुजवायचे, वाळवून कुटायचे आणि लोखंडी दातांच्या फणीवर विंचरायचे. लांब तंतू बारीक लिननसाठी जात. फणीत अडकलेले आखूड, राठ तंतू जाड कापडासाठी आणि बांधायच्या दोरीसाठी. जर्मन खेड्यांत हिवाळ्याच्या संध्याकाळी बायका आणि मुली एका घरात जमून सूत काढीत. इंधन आणि दिवा सर्वांत मिळून, गप्पा आणि गाणी फुकट. वसंत लागला की चरखे बाजूला होत आणि शेते बोलावीत. ईस्टरला अंड्यावर आवळलेला दोरा याच हिवाळ्याचे काम असे. तो दोरा कोणी काढला हे घरात सर्वांना ठाऊक असे.

एकोणिसाव्या शतकात गिरणीच्या सुताने हे बदलले. याच काळात तागाचा प्रवेश झाला.

डंडी आणि हुगळी

मराठी शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो तो वेगळा. गोणपाटाचा ताग बंगालच्या ओल्या, गाळाच्या जमिनीचा. चार महिन्यांत माणसाच्या उंचीहून वर जाणारे हे पीक कापून जुड्या बांधतात आणि साचलेल्या पाण्यात दडपून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत जिवाणू गोंद खाऊन टाकतात आणि तंतू सुटे होतात. मग माणसे कंबरभर पाण्यात उभी राहून देठ झोडपतात, तंतू ओढून धुतात आणि बांबूंवर वाळत घालतात. पाणी चांगले असेल आणि वेळ साधली तर तंतूला सोनेरी झाक येते, चुकली तर तो काळवंडतो. आज जिला ‘नैसर्गिक रंग’ म्हणून दाद मिळते ती छटा बंगालच्या शेतकऱ्याच्या या अंदाजावर ठरते.

स्कॉटलंडमधले डंडी हे जवसाच्या जाड कापडाचे आणि देवमाशांच्या शिकारीचे बंदर. ताग यंत्रावर कातायला फार राठ. 1830 च्या दशकात तिथल्या गिरण्यांनी देवमाशाचे तेल आणि पाणी मुरवून तो मऊ करण्याची पद्धत बसवली. 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धात रशियाकडून येणारा जवस आणि भांगेचा धागा अडला, आणि तागाला मोकळे रान मिळाले. डंडीच्या लॉकी भागातल्या कॅम्परडाउन गिरणीत ऐन भरात सुमारे 5,000 माणसे काम करीत. कामगारांत बायकांचा भरणा मोठा होता, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. 1855 साली जॉर्ज अॅकलंड यांनी हुगळीकाठी रिश्रा येथे भारतातली पहिली ताग-कताईची गिरणी काढली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कलकत्त्याने डंडीला मागे टाकले.

कापूस, धान्य, कॉफी, लोकर, सगळे तागाच्या पोत्यांतून जगभर फिरू लागले आणि पोत्याबरोबर सुतळी आली. ती स्वस्त होती, म्हणून कोठारात, बागेत, दुकानात, स्वयंपाकघरात सर्वत्र पोचली. युरोपच्या खेड्यात ती परकी वाटेनाशी झाली. 1947 च्या फाळणीने या धाग्याचे दोन तुकडे केले. तागाची उत्तम जमीन बहुतांशी पूर्व बंगालात गेली आणि गिरण्या सगळ्या हुगळीकाठी राहिल्या. पुढे नारायणगंजला 1951 साली आदमजी गिरणी सुरू झाली, ती 2002 मध्ये बंद पडली. डंडीचा ताग-उद्योग त्याआधीच, 1990 च्या दशकाअखेर, संपला होता.

सुतळीची एक बहीणही आहे. 1870 च्या दशकाअखेर अमेरिकेत जॉन अॅपलबी यांनी पेंढीला आपोआप गाठ मारणारे यंत्र तयार केले. त्याआधीच्या यंत्रांत तार वापरत, पण तारेचे तुकडे चाऱ्यातून जनावरांच्या पोटात जात. आता दोरी हवी होती, आणि ती मेक्सिकोच्या युकातान प्रांतातून आली. तिथल्या हेनेकेन या वनस्पतीपासून, म्हणजे आपल्या घायपाताच्या भाऊबंदापासून. युकातानमधल्या सिसाल बंदराचेच नाव पुढे या धाग्याला पडले. त्या मळ्यांवर माया मजूर कर्जात बांधले गेले होते, आणि पोर्फिरिओ दियाझच्या राजवटीत उत्तरेतल्या याकी लोकांना पकडून तिथे पाठवले गेले. अमेरिकेच्या शेतघरात खुंटीला टांगलेला दोरीचा जो गुंडा आज खेड्याची खूण वाटतो, त्याचे मूळ तिथे आहे.

साधेपणाची आवड

गिरण्या धडधडत असतानाच त्यांच्याविरुद्धची रुची वाढली. लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्या जॉन रस्किन यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन अॅल्बर्ट फ्लेमिंग यांनी 1880 च्या दशकात लँगडेल खोऱ्यात हाताने लिनन कातण्याचा उद्योग उभा केला. पेस एगचाच हा मुलूख. गरजेतून चालणारे चरखे तिथून गेले होते. आता ते तत्त्व म्हणून परतले. याच रस्किन यांचे पुस्तक 1904 साली आगगाडीत वाचून गांधीजी हलले आणि पुढे त्यांनीही चरख्याकडे पाहिले, हा धागा मराठी वाचकाला ठाऊक आहे. 1950 साली कॅथरिन मिलहाऊस यांचे ‘द एग ट्री’ हे मुलांचे पुस्तक निघाले. त्याला पुढच्या वर्षी कॅल्डेकॉट पदक मिळाले आणि पेन्सिल्व्हेनियातल्या शेतघरांचे अंड्यांचे झाड अमेरिकेभर परिचयाचे झाले.

पुढे कृत्रिम धाग्यांनी पोत्यांची बाजारपेठ बळकावली. रोजच्या कामातून सुतळी मागे सरली, तशी ती शोभेला आली. वस्तू कामातून गेली की ती देखणी दिसू लागते. आपल्या दिवाणखान्यातले जाते, पितळी बंब, बैलगाडीचे चाक यांचे असेच झाले आहे.

महाराष्ट्रात या गोष्टीची दुसरी बाजू स्पष्ट दिसते. इथे अंबाडीचे आणि घायपाताच्या वाखाचे दोर वळणे हे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजावर टाकलेले काम होते. पोळ्याला बैलाची नवी वेसण, म्होरकी, कासरा त्यांच्या हातचा असे. बैलाची पूजा झाली, दोराचीही सजावट झाली, दोर वळणारा मात्र गावाच्या कडेलाच राहिला. त्या घरांत दोराला कोणी ‘गावरान सौंदर्य’ म्हटले नाही. राठ दोर ज्याच्या तळहातावरून रोज सरकतो त्याला त्याचा पोत वेगळा कळतो.

याचा अर्थ अंड्याला सुतळी गुंडाळू नये असा नाही. ही सजावट स्वस्त आहे, मुलांच्या हाताला काम देते, आणि सण झाला की मातीत मिसळते. प्लास्टिकच्या गवतापेक्षा ती कधीही बरी. ताग विकला जाण्यात बंगालच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांचे हितच आहे. प्रश्न फक्त ‘साधे’ या शब्दाचा आहे. जुन्या शेतघरातली सजावट साधी होती, कारण चाळीस दिवसांच्या उपासानंतर घरात तेवढेच उरलेले असे, आणि त्या लाल अंड्याची चव उपासामुळेच गोड असे. आजचा साधेपणा निवडीतून येतो. निवड करणाऱ्याला दोऱ्याचे दुसरे टोक कुठवर जाते हे माहीत असले, तर अंड्यावरच्या त्या तपकिरी वेढ्यांत त्याला पेस एगच्या पांढऱ्या रेघेबरोबर कंबरभर पाण्यात उभा असलेला माणूसही दिसेल.